पावणेनऊ इंचांवरून

पुण्यात सर्वांत जास्त टेबलं खालच्या बाजूनं पाहिलेला माणूस कोण, असं कुणी मला विचारलं, तर मी डोळे मिटून आमच्या हिच्या मामांकडे बोट दाखवीन. सुतारांनासुद्धा यात धरून बोलतोय मी. मामांनी उभी हयात मोजणी खात्यात काढली, जिल्ह्यातली निम्मी शेतं साखळी लावून मोजली आणि निवृत्त झाल्यावर मुलांसाठी गोष्टी लिहायला घेतल्या, त्याही प्राण्यांच्या तोंडून. आता प्राण्यांच्या गोष्टी काय, कुणीही लिहितं. ससा म्हणाला, कोल्हा म्हणाला, की झाली गोष्ट. पण मामांचा नियम असा, की जे त्या प्राण्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ते गोष्टीत येता कामा नये. आणि काय दिसतं ते ठरवायचं तर आपले डोळे त्या उंचीवर नेले पाहिजेत. आमच्या ठकी मांजरीचे डोळे जमिनीपासून पावणेनऊ इंचांवर होते, हे त्यांनी फूटपट्टी लावून ठरवलं होतं. त्या कामी ठकीनं त्यांचा हात ओरबाडून काढला, त्याचीही वहीत नोंद होती : 'सहकार्य नाही.'

मी या माणसाला पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी टेबलाखाली. हिला पाहायला आम्ही नारायण पेठेत गेलो होतो. पोहे आले, पगाराची चौकशी झाली, आणि एकदम खालून आवाज आला, "मुलाच्या उजव्या मोज्याला भोक आहे." माझ्या आईच्या हातातला चमचा पडला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "काही नाही हो, आमचा दादा आहे. कुत्र्याची गोष्ट चाललीय त्याची." लग्न जमलं, पण पुढच्याच महिन्यात मुलांच्या एका मासिकात मामांची गोष्ट आली आणि तीत 'भोकमोज्या' नावाचे गृहस्थ होते. 'घामाचा वास. लाथ मारत नाही.' एवढंच माझं वर्णन! मामांच्या गोष्टींत माणसांना चेहरेच नसायचे, नुसते घोटे, चपला आणि वास. त्यामुळे मासिक आलं की सगळे नातेवाईक धास्तावून आधी आपापले पाय शोधायचे. हिच्या आत्या 'करकरत्या चपलांची बाई' वाचून वर्षभर मामांशी बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, "चपलांना तेल घाला म्हणावं."

त्यांची गाढवाची गोष्ट संपादकांनी परत पाठवली होती, तात्पर्य नाही म्हणून. मामांनी उलट टपाली कार्ड टाकलं, "गाढवाला विचारून पाहिलं. तात्पर्य नाही म्हणतं. आपण प्रत्यक्ष बोलून बघावं." कावळ्याच्या गोष्टीसाठी तर सत्तरीच्या घरातला हा माणूस गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. खालून शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, पडाल ना!" तर वरून उत्तर आलं, "कावळा पडत नाही." उतरताना मात्र कावळ्याचा काही उपयोग झाला नाही, आम्हाला शिडी आणावी लागली.

लग्नानंतर आम्ही त्यांच्याच इमारतीत भाड्यानं राहायचो. ते तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर. आमची सई बोलायला लागल्यापासून त्यांच्याकडेच पडलेली असायची, म्हणजे अक्षरशः पडलेली. दोघं आणि ठकी पलंगाखाली पालथी. नवी गोष्ट आधी सईला वाचून दाखवली जाई. ती मध्येच थांबवी, "मामाआजोबा, कुत्र्याला 'पोस्टमन' हा शब्द कुणी शिकवला?" की मामा तपकिरीची चिमूट ओढून गुपचूप ओळ खोडत आणि तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवत. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी एकही सूचना मानली नाही.

मग मला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. जो तो तिकडे फ्लॅट घेत सुटला होता. आम्हीही जवळच वाघोलीला घेतला. लिफ्ट होती, पोहण्याचा तलाव होता (त्यात पाणी नव्हतं), आणि सोसायटीच्या नियमांत एक नियम होता : पाळीव प्राणी चालणार नाहीत. ठकीला मामांकडे ठेवावं लागलं. सईनं आकांत केला असता तर बरं झालं असतं. तिनं रोज संध्याकाळी फक्त एक विचारायला सुरुवात केली, "ठकीला माझी आठवण येते का?"

"येते तर! रोज खिडकीत बसून तुझी वाट बघते," मी म्हणालो.

"कुणी पाहिलं?"

"अं?"

"बाबा, ती खिडकीत बसलेली कुणी पाहिली?"

मी वर्तमानपत्र उघडलं. त्या दिवसापासून सई तो प्रश्न फक्त आईला विचारी, माझ्याशी बोलेना. चार घास खायची आणि ताट सरकवायची. आठवड्यानं तर ते विचारणंही बंद झालं, आणि सात वर्षांच्या पोरीचं ते गप्प बसणं मला बघवेना. शेवटी मी मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, ठकीच्या तोंडून एक गोष्ट लिहा. तिला सईची फार आठवण येते, एवढंच लिहा. तुमच्यावर तिचा विश्वास आहे."

"आठवण येते, हे तुम्ही मोजलंत?"

"अहो मामा, पोरगी जेवत नाहीये!"

"जावईबापू, बांध दोन हात पलीकडे दाखवा म्हणून लोक माझ्या पाया पडायचे. नाही दाखवला कधी. मी बघतो आणि मग लिहितो."

"आणि आठवण नसलीच येत तर?"

"तर तसं लिहीन."

घरी परतताना वाटेत मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दोन दिवसांनी, शनिवारी, हा गृहस्थ दोन बस बदलून वाघोलीला हजर! दारातच सईला म्हणाले, "तुझा अंगातला, न धुतलेला एक कपडा दे." तिनं शाळेचा स्वेटर काढून दिला. मग त्यांनी माझाही मागितला. दोन्ही वेगवेगळ्या कागदांत बांधले, वर नावं घातली आणि चहासुद्धा न घेता गेले.

रविवारी वही घेऊन आले. सईजवळ फरशीवर पालथे झाले आणि वाचायला लागले. "फरशीवर तीन मऊ ढीग आहेत. पहिल्याला तपकिरीचा वास. हा रोजचाच आहे. मी पुढे गेले. दुसऱ्याला घामाचा वास. हा पूर्वी वर राहायचा. मी पुढे गेले. तिसऱ्याला दूध, खडू आणि दाण्याच्या चटणीचा वास. मी त्यावर बसले." मामांनी वही मिटली.

"पुढे?" सईनं विचारलं.

"पुढे काही नाही. बसली."

"किती वेळ?"

"दुपारी अडीचपासून सहाला दहा कमी. मध्ये दुधाची वाटी ठेवून पाहिली. उठली नाही."

"म्हणजे तिला माझी आठवण येते?"

मी जीव मुठीत धरून मामांकडे बघत होतो. एकदा 'हो' म्हणा हो, एकदाच!

"ते मला दिसलं नाही, बाळ," मामा म्हणाले. "बसलेली दिसली."

सईनं त्यांच्या हातातली वही घेतली आणि शेवटची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग उठली आणि आईला म्हणाली, "आई, मला वाढ." दोन पोळ्या खाल्ल्या तिनं, वर भात. मी आत जाऊन डोळे पुसून आलो. हिनं स्वेटरची चौकशी केली, तेव्हा मामा जरा ओशाळले. "काढायला गेलो तर गुरगुरली," म्हणाले.

"असू दे तिच्याकडे," सई म्हणाली.

आता मामा नाहीत आणि ठकीही नाही. मुलांसाठी लिहिणारे पुष्कळ आहेत, चांगलं लिहितात. पण एवढं ताडून बघून लिहिणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आणि त्या दिवशी वाटेत त्यांना मनातल्या मनात जे बोललो ते त्यांच्यापाशी कबूल करायचंही राहून गेलं. त्या वहीच्या रविवारनंतरचा सोमवार मात्र अजून आठवतो. वाघोलीला तेव्हा थंडी मी म्हणत होती. सई नुसत्या फ्रॉकवर, कुडकुडत, गाणं म्हणत माझ्याबरोबर शाळेत गेली. फाटकाशी बाईंनी दरडावून विचारलं, "स्वेटर कुठाय?"

"त्यावर ठकी बसलीय," सई म्हणाली, आणि पळत वर्गात गेली.