दगडाचा नंबर

नळाच्या रांगेतला एक दगड मी उचलून गटारात टाकला, आणि माझं ठरत आलेलं लग्न मोडलं.

आमच्या सोलापुरात इंग्रजी येत नसलेल्या माणसालाही एक इंग्रजी शब्द मात्र पक्का येत असे. नंबर. गिरणीत सुताला नंबर, मागाला नंबर, माणसाला नंबर. शाळेत माझा पहिला नंबर असे, अर्थात शेवटून मोजला तर. धाकट्या भावाचं लग्न माझ्याआधी उरकलं तेव्हा अख्खी गल्ली विचारायची, "का वो, तुमचा नंबर कदी?" सुताचा नंबर चढला की सूत बारीक होतं. माझ्या चष्म्याचा नंबर चढत गेला तशी माझी अक्कल बारीक होत गेली.

मी गिरणीच्या दरवाजावर हजेरीचा कारकून होतो. भोंगा वाजला की दार बंद, आणि बाहेर राहिला त्याचा दिवस बुडाला. लोक हात जोडत, पाया पडत. मी वर न बघता म्हणायचो, "नंबर गेला." एकदा एकजण आई वारल्याचं सांगायला आला. मी आधी त्याचा नंबर विचारला आणि मग आईचं. हे मी त्या काळी मित्रांना मोठ्या फुशारकीनं सांगत असे, आणि ते हसतही असत.

तर मंगळवेढ्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगी मी पाहिली होती. म्हणजे चष्मा खिशात ठेवून जेवढी दिसली तेवढी. मला ती पसंत होती, त्यांनाही मी चालणार होतो. आता फक्त मुलीची आत्या घर बघायला येणार होती. आई नसलेल्या त्या मुलीला आत्यानंच वाढवलेलं, त्यामुळे शेवटचा शब्द तिचा. ती आमच्या मागच्या गल्लीत पाहुणी म्हणून उतरली होती. मध्यस्थानं बजावलं, "चष्म्याचा नंबर कळता कामा नये. बाई गेल्याशिवाय डोळ्याला काच लावू नका." मी दोन दिवस भिंतींना नमस्कार करत हिंडत होतो.

त्या दिवशी नेमका आईला ताप. संध्याकाळी पाहुणे यायचे आणि घरात घोटभर पाणी नाही. उन्हाळ्याचे दिवस, नळ दुपारी थोडा वेळ यायचा. मी दोन घागरी घेऊन निघालो.

आमच्या नळावरची रीत अशी, की बाईला घरी काम असलं की तिनं रांगेत एक दगड ठेवून जावं. तो दगड म्हणजे तिचा नंबर. ती येईपर्यंत मागचीनं तो पुढं सरकवत न्यायचा. कोणाच्या घरी बाळंतीण असली तर दगड गुपचूप दोन जागा पुढं जाई. दगडावर खूण नाही, नाव नाही, तरी कधी चुकामूक झाली नाही. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. पण दरवाजावरचा कारकून माझ्याबरोबर नळावरही आला होता.

नळाला पाणी आलं. पुढून तिसरा दगड. मी विचारलं, "ह्याची बाई कुठं आहे?"

एक म्हातारी म्हणाली, "इल की आता. बाळंतिणीला शेकायला गेलीया. नंबर हाय तिचा."

"भोंगा झाला. हजर नाही त्याचा नंबर गेला," असं म्हणून मी दगड भिरकावला आणि तिथं माझी घागर ठेवली. रांग गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे माझा वचक बसला, असं मला वाटलं.

माझी दुसरी घागर भरत असताना एक बाई धापा टाकत आली. मला नुसतं हिरवं लुगडं दिसलं.

"माझा दगुड कुटं हाय?"

"गटारात. उद्या वेळेवर या."

"आवो, तान्हं पोर हाय घरात."

"पोर तान्हं असेल, तुम्ही तर नाही ना?"

माझ्या विनोदावर मी एकटाच हसलो. तेवढ्यात नळ फुरफुरला आणि बंद पडला. ती रिकामी कळशी घेऊन निघून गेली.

संध्याकाळी मी कोट घालून सतरंजीवर बसलो. पाहुणे आले. समोर काहीतरी हिरवं येऊन टेकलं. आईनं तापातच तांब्याभांडं पुढं केलं.

"ऱ्हाऊ द्या वैनी," ते हिरवं म्हणालं, "हे पानी माझ्याच वाटचं हाय."

आवाज ओळखायला चष्मा लागत नाही. आईला काहीच उमजेना. ती आपली सांगत सुटली, "पोरगा शिस्तीचा आहे हो. गिरणीत हजारभर माणसं याच्या शब्दावर आत-बाहेर होतात."

"बघितली की शिस्त." आत्या उठली. मध्यस्थ "आवो, आवो" करत मधे आला, त्याला तिनं हातानंच बाजूला सारलं. दारात थांबून ती आईला म्हणाली, "वैनी, राग मानू नगा. पर ह्याला देन्यापरास मी पोरगी आडात ढकलीन. तितं निदान पानी तरी मिळंल तिला."