आधीवाल्या मॅडम

आमच्या प्रयोगशाळेतला फोन वाजला की पलीकडच्याने नाव सांगायच्या आत मॅडम विचारायच्या, "आधी घेतला का नमुना?" आवाज असा खणखणीत, की दाराबाहेरचा शिपाईसुद्धा दचकून "घेतला" म्हणायचा. सगळ्या इस्पितळात त्यांचं नावच पडलं होतं, आधीवाल्या मॅडम.

नागपूर आणि आसपासच्या दवाखान्यांतले जंतू कोणत्या औषधांना दाद देईनासे झालेत, यावर लक्ष ठेवायचं काम मॅडमकडे होतं. मी त्यांचा तंत्रज्ञ. काम सांगायला सोपं. तापाच्या रोग्याचं रक्त आधी घ्या, आमच्याकडे पाठवा, मग अँटिबायोटिक सुरू करा. जंतू वाढवून कोणतं औषध चालेल ते आम्ही कळवतो. पण आपली रीत उलटी. रोगी आला की पहिलं सगळ्यात भारी इंजेक्शन, आणि ताप हटेना की मग आमची आठवण. एवढ्या माऱ्यानंतर रक्तात सापडणार काय, कप्पाळ? "वाढ नाही" असा अहवाल टाइप करून करून माझी बोटं आंबली होती. मॅडम तेवढ्याच चिडायच्या, पण हरायच्या नाहीत. रविवारी स्वतःची गाडी काढून वाडी, खापा, कन्हानच्या दवाखान्यांत हेच समजावत फिरायच्या.

कन्हानचा डॉक्टर त्यांचा जुना विद्यार्थी. तो एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, नातेवाईक डोक्यावर उभे राहतात. म्हणतात, रक्तच काढून राहिले, इंजेक्शन काहून नाही देऊन राहिले?"

"पाच मिनिटाचं काम आहे गा," मॅडम म्हणाल्या. "त्याईले चहा पाज तोवर."

एका बैठकीत आमच्या तक्त्यात खाप्याचा रकाना कोरा पाहून इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी अभिनंदनच केलं. म्हणाले, तिथे हट्टी जंतू दिसत नाहीत. खाप्याहून नमुनेच आले नव्हते. मॅडम ताडकन उठल्या. "साहेब, दिवाच लावला नाही, अन् म्हणता घरात साप नाही!" सगळे हसले, साहेबही हसले. मग समोसे आले आणि विषय संपला. त्या समोशांची मला अजून चीड येते.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रविवारी कन्हानला मॅडमना थंडी वाजून ताप भरला आणि त्या खुर्चीतच कोसळल्या. फोन आला तसा मी धावलो. विद्यार्थ्याने त्यांना दाखल करून घेतलं होतं. "एक मिनिट दवडलं नाही भाऊ," तो म्हणाला. "सगळ्यात भारी औषध लगेच सुरू केलं."

"आणि रक्त?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मॅडम होत्या ना समोर... मले धीरच नाही धरवला."

मला त्याला फाडून खावंसं वाटलं. तेवढ्यात मॅडमनी डोळे उघडले. वरच्या बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचा हात थोपटत म्हणाल्या, "रडू नको गा. आता घे. काही सापडणार नाही, तरी घे."

रक्त आमच्याच प्रयोगशाळेत आलं. मीच वाढीला लावलं, मीच रोज पाहिलं. काही वाढलं नाही. औषधं बदलली गेली, सगळी अंदाजाने. त्याच आठवड्यात मॅडम गेल्या.

शोकसभेत मोठे साहेब हळहळत माझ्याजवळ आले. "नेमकं काय झालं होतं हो मॅडमना?"

मी म्हणालो, "माहीत नाही साहेब. रकाना कोरा आहे."