डावीकडचा भांग

शर्यत सुरू व्हायच्या आधी बाकीचे पाय ताणत, जागच्या जागी उड्या मारत, मनगटावरच्या घड्याळाची बटणं दाबत. नागोजीअण्णा भांग पाडत. कर्णे कानाशी ओरडत असायचे, मागून लोक ढकलत असायचे, आणि अण्णा आरसा शोधत असायचे. एखाद्या उभ्या गाडीची काच मिळाली तर ठीक, नाहीतर माझा चष्मा. "हलू नको रे, स्वल्प थांब," असं म्हणून ते माझ्यासमोर किंचित वाकत, माझ्या डोळ्यांत न बघता काचेत बघत, डावीकडे सरळ रेघ ओढत आणि वरून तळहात फिरवून केस बसवत. मग कंगवा मागच्या खिशात. "सरी, झालं. आता पळू या."

आमची ओळख कंपनीच्या बसमध्ये झाली. कारखाना बोम्मसंद्राला, बस राजाजीनगरहून सुटायची, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. अण्णा डिस्पॅचला सुपरवायझर होते, मी क्वालिटीत नवा लागलो होतो. मी बेळगावकडचा. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथंच होतं, घरात मराठी बोलायचे, पण त्यात इतकी कानडी मिसळलेली की सुरुवातीला मला अर्धं कळायचं नाही. पहिल्या दिवशी मी फोनवर आईशी बोलत होतो. बोलणं संपल्यावर शेजारच्या सीटवरून त्यांनी विचारलं, "मराठी काय तुम्ही?" मी हो म्हणालो. "मग सांगतो. शर्टाचं बटण एक घर चुकलंय तुमचं." मी खाली बघितलं. खरंच चुकलं होतं. त्या आठवड्यातच मी 'तुम्ही'चा 'तू' झालो आणि मग तम्मा. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

पन्नाशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली, तेव्हा ते पळायला लागले. पहिली शर्यत संपवून घरी गेले ते बूट हातात, शर्ट उलटीनं भरलेला, केस कपाळावर चिकटलेले. त्यांच्या बायकोनं, सरोजाक्कांनी, दार उघडलं आणि किंकाळी फोडली. कुणीतरी बेदम मारलं असं वाटलं त्यांना. वरच्या मजल्यावरचे लोक काठी घेऊन खाली आले. "गळ्यात मेडल होतं रे माझ्या," अण्णा सांगत, "पण ते बघणार कोण? तोंड बघून बायको रडायला लागली. मेडल बघून हसायच्या आधी." तेव्हापासून त्यांनी ठरवलं की शेवटचा किलोमीटर आला की थोडं हळू व्हायचं, रुमालानं तोंड पुसायचं, शर्ट आत खोचायचा आणि भांग पाडायचा. पळायच्या चड्डीला कंगव्याचा खिसा नसतो. तो सरोजाक्कांनी मागे शिवून दिला होता, पांढऱ्या कापडाचा, बटणासकट.

रविवारी सकाळी आम्ही दहाबारा जण मिळून पळत असू. बहुतेक जण सॉफ्टवेअरवाले, पुण्या-मुंबईहून आलेले. ते अण्णांची खूप थट्टा करत. "अण्णा, कंगव्यानं स्पीड वाढतो का?" "वाढत नाही बा, पण कमी पण होत नाही." एकदा शर्यतीच्या दिवशी त्यांनी आमच्यातल्या एकाला थांबवलं, त्याच्या छातीवरचा नंबर सोडवला आणि चारही पिना काढून पुन्हा सरळ लावला. "वाकडा लावलास रे. तुरुंगातनं पळून आल्यासारखा दिसतोस." त्यानंतर प्रत्येक शर्यतीआधी त्यांच्यासमोर नंबर लावून घ्यायला रांग लागू लागली. थट्टा करणारेही रांगेत असत.

मी मात्र त्यांच्याशी मनापासून वाद घालायचो. परतीच्या बसला हमखास गर्दीत अडकायला व्हायचं, तेव्हा वेळच वेळ असायचा. मी म्हणायचो की पळणाऱ्यानं कसं दिसतोय याचा विचारच करू नये. जो ताकद पूर्ण लावतो त्याचं तोंड वाकडं होणारच, आणि ज्याचं तोंड सरळ राहिलं त्यानं काहीतरी राखून ठेवलं. हे मी कुठंतरी वाचलं होतं आणि मला ते फार खरं वाटायचं.

"राखून ठेवलं तर काय झालं?" ते म्हणत. "घरापर्यंत जायला नको?"

"पण अण्णा, पळताना बघतंय कोण तुमच्याकडे?"

"तू बघत नाहीस म्हणून कुणीच बघत नाही काय? सकाळी सहाला लोक गॅलरीत उभे राहतात. म्हातारी माणसं उभी राहतात. त्यांना काय दिसायला पाहिजे? पळायला लागलं की माणूस मरायला टेकतो, हे? मग ती नातवाला सोडतील काय पळायला?"

मग मी वेळेचा विषय काढत असे. मला दहा किलोमीटर तासाच्या आत संपवायचे होते आणि दरवेळी थोडक्यात हुकत होतं. अण्णा म्हणायचे, "होईल रे. तास कुठं पळून जातोय." एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो असताना त्यांनी सरोजाक्कांना माझा शर्यतीतला फोटो दाखवला. डोळे अर्धे मिटलेले, जीभ बाहेर, एक खांदा वर. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. मग हळूच म्हणाल्या, "हे तुम्हीच काय? कुणी सांगितलंय तुम्हाला एवढं करायला?" अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ती शेवटची शर्यत. सकाळी अण्णांनी माझ्या चष्म्यात बघून भांग पाडला, माझा नंबर सरळ केला आणि म्हणाले, "आज मी तुझ्याबरोबर राहतो. अर्ध्यापर्यंत. पुढं तुझं तू." ते खरंच बरोबर राहिले. त्यांच्या मानानं जास्तच वेगात. मधे एकदा त्यांनी डावा हात झटकला, मुंग्या आल्यावर झटकतो तसा. ते मी पाहिलं. काही विचारलं नाही, कारण बोललं की दम जातो.

अर्ध्या वाटेच्या फलकापाशी ते मागे पडले. मी वळून पाहिलं. ते चालत होते. शर्ट खोचला, रुमालानं तोंड पुसलं आणि खिशाचं बटण काढून कंगवा हातात घेतला.

आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं की अण्णांचा कंगवा निघाला म्हणजे शेवटचा किलोमीटर. मी मोठ्यानं हसलो. उलटा पळत ओरडलो, "अण्णा, आत्ताच? अजून अर्धं बाकी आहे!"

त्यांनी कंगवा धरलेला हात वर केला. "तू चल, तम्मा. तू चल."

मी चाललो. त्या दिवशी पाय हलके होते. तासाच्या आत पोचलो. माझं तोंड कसं झालं होतं माहीत नाही, त्या शर्यतीतले फोटो मी पाहिले नाहीत. दोघांसाठी केळी घेतली, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि कमानीपाशी उभा राहिलो. लोक येत होते. आमच्यातले सगळे आले. अण्णा आले नाहीत. मग मी उलट्या दिशेनं चालायला लागलो. आधी चालत, नंतर पळत.

पाणी वाटणाऱ्या मुलीनं मला नंतर सांगितलं. अण्णा फुटपाथच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले होते. पाठ टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून. तिनं जाऊन पाणी हवं का विचारलं. ते हसले आणि बेडा म्हणाले, म्हणजे नको. "इतके नीट दिसत होते, सर," ती मला इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला वाटलं, कुणाची तरी वाट बघत बसलेत. छातीवर नंबर होता, तरी शर्यत बघायला आलेले गृहस्थ वाटले तिला. शेजारीच एकजण पायात गोळा आला म्हणून ओरडत होता. केस विस्कटलेले, शर्ट वर गेलेला. त्याच्याभोवती पाच जण जमले होते. अण्णांसमोरून शेकडो माणसं पळत गेली. ते कलंडले तेव्हाच लोकांना कळलं.

मी पोचलो तेव्हा त्यांना रुग्णवाहिकेत चढवत होते. कुणीतरी डोक्यावर पाणी ओतलं होतं. मी बरोबर बसलो. हातात दोन केळी होती ती तशीच राहिली. दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. मी त्यांना विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. पुढच्या काही दिवसांत मी हाच प्रश्न आणखी दोन डॉक्टरांना विचारला. दोघांनीही तेच उत्तर दिलं. माझ्या बायकोचं म्हणणं आहे की मी आता कुणालाही विचारू नये.

मी असा विचार करतो. दुखायला लागलं तेव्हा त्यांना कळलं असणार की आता आपण बसणार, बसलं की लोक जमणार, लोकांत जायचं तर नीट जायचं. म्हणून त्यांनी कंगवा काढला. तो कंगवा तिथं एकच माणूस ओळखू शकत होता, आणि तो उलटा पळत हसत होता. त्यांचं तोंड वाकडं झालं असतं तर तिथला कुणीही परका माणूस थांबला असता. म्हणजे वाद मीच जिंकलो, असंही कधी कधी मनात येतं. ते आलं की मी उठून काहीतरी काम करायला लागतो. रडायला मला अजून आलेलं नाही. बसमध्ये त्यांच्या जागी कुणी बसलं तरी काही वाटत नाही. मी खिडकीबाहेर बघतो, कारखाना येतो, उतरतो.

त्या दिवशी दवाखान्यात त्यांना एका खोलीत ठेवलं होतं. सरोजाक्का राजाजीनगरहून रिक्षानं निघाल्या होत्या. मी अण्णांकडे बघितलं. ओले केस सगळे कपाळावर आले होते, पहिल्या शर्यतीच्या दिवशी आले असतील तसे. त्यांना या अवस्थेत बघून अक्का दारात ओरडतील एवढं एकच माझ्या डोक्यात आलं. मी त्यांना जरा कुशीवर करून मागच्या खिशाचं बटण काढलं, कंगवा घेतला आणि त्यांच्यासमोर उभा राहून भांग पाडला. दोनदा पाडला, पहिल्यांदा रेघ सरळ आली नाही. शर्ट खाली ओढला. नंबर थोडा तिरका झाला होता, तो सरळ केला.

सरोजाक्का आल्या. ओरडल्या नाहीत. खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं झालं काय, तासाच्या आत? सकाळी निघताना म्हणत होते, आज तम्माचं करून देतो."

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. थोडं पुढं होऊन अण्णांच्या डोक्याकडे पाहिलं.

"भांग कुणी पाडला?"

"मी पाडला, अक्का."

"उजवीकडं पडलाय. समोर उभं राहून पाडलात तुम्ही."

इतकी वर्षं अण्णांनी माझ्यासमोर, माझ्याच चष्म्यात बघून भांग पाडला होता, तरी माझी बाजू चुकली. अक्कांनी हात पुढं केला. मी कंगवा दिला. त्या खाटेच्या डोक्याकडच्या बाजूला गेल्या, सगळे केस एकदा मागे घेतले, आणि वरून, जणू स्वतःचेच केस असावेत तशी, डावीकडं एक रेघ ओढली. वरून तळहात फिरवला. मग कंगवा तसाच हातात धरून मला म्हणाल्या, "तुम्ही तिथनं बघा. आता बरोबर दिसतात काय?"

मी बघितलं.

"हो," मी म्हणालो. "बरोबर दिसतात."