बुडावरचा हिरवा डाग

"कुठं पडलास?" आडेल्फानं नवऱ्याची पँट उजेडात धरून विचारलं.

"पडलो नाही. बसलो होतो," दुलो म्हणाला.

"बसलास. आणि गवत आपलं आपण वर चढलं?"

"ओलं होतं गवत."

"दोन्ही कुल्ल्यांना सारखंच ओलं? बरं बरं. जेवून घे. बसून बसून दमला असशील."

त्या दिवशी सकाळी दोघांचं एवढंच बोलणं झालं. आमचा दुलो तीस वर्षं बायकोशी हेच बोलत आलेला, त्यामुळं त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. सुकी मासळी आणि भात खाल्ला, टोपी चढवली आणि घोड्यावरून कुरणात गेला. दुपारी मुलगी, जेसिल, धापा टाकत आली. आई हापशापाशी कपडे भिजवता भिजवता खाली बसली, डोकं जड झालंय म्हणाली, ती उठलीच नाही. दुलो घरी पोचला तेव्हा तिच्या हाताला साबण तसाच होता, आणि टबात त्याची पँट भिजत होती.

आता फिलिपिन्सच्या मास्बाते बेटावर गुरांमागं फिरणाऱ्याची जीनची पँट म्हणजे त्याचा जबाबच असतो. गुडघे हिरवे असले तर यानं वासरू दाबून धरलं, शाबास. बूड हिरवं असलं तर याला घोड्यानं टाकलं, मग पुढच्या जत्रेपर्यंत चेष्टा. दुलोचं बूड तीस वर्षांत कुणी हिरवं बघितलं नव्हतं. "न पडणारा दुलो" म्हणायचे त्याला. जत्रेत बैल आडवा पाडायची स्पर्धा असली की पंच म्हणून बोलवायचे. नवीन गड्यांना मांड कशी पक्की ठेवायची ते तो कमरेवर हात ठेवून शिकवायचा. आणि खरं काय, तर घोडा त्याला आठवड्यातून एकदा तरी खाली ठेवायचा. मग हा शूरवीर कुंपणाला पाठ लावून, खेकड्यासारखा आडवा चालत घरी यायचा. दुसऱ्या दिवशी पँट दोरीवर, निळी ती निळी. आडेल्फानं हे कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, पोटच्या पोरीला नाही.

तिकडच्या रिवाजानं पुरायच्या आधी चार दिवस तिला घरात ठेवलं. माणसं यायची, पत्ते खेळायची, कॉफी प्यायची, तिच्याबद्दल बोलायची. काय बोलायची? "गरीब होती बिचारी." "कुणाच्या अध्यात ना मध्यात." "भात छान शिजवायची." दुलोला वाटायचं, उठून ओरडावं, अरे भात कुणीही शिजवतं, तिच्या हातात काय होतं ते मला विचारा! पण ते सांगायचं तर आधी आपण पडलो ते सांगायला पाहिजे. मग काय, तोंड उघडलं ते बिस्किट घालायला.

कुरणावरच्या गड्यांनी ठरवलं, तिला पोचवायला सगळ्यांनी घोड्यावरून जायचं. टोपी, बूट, जीन. पुढं दुलो. त्याची धड पँट एकच, ती टबात, हिरवी. आडेल्फाची मोठी बहीण, मानाय पुरिंग, दारातच बसलेली. तिकडं थोरल्या बाईला मानाय म्हणायचं, थोरल्या माणसाला मानोय.

"घरात मयत असताना धुणं धुवायचं नाही. आणखी एक जातं."

"पण मानाय, ही पँट..."

"खड्ड्यात गेली तुझी पँट."

माणसं पत्त्यात रमल्यावर दुलोनं टब उचलला आणि गोठ्यामागं नेला. त्याच्या हिशेबानं धुणं म्हणजे जोर. कढत पाणी ओतलं, अर्धी बाटली ब्लीच ओतलं, घोड्याचा खरारा घेतला आणि घासत सुटला. हिरवं गेलं. निळंही गेलं. दोन कुल्ल्यांवर दोन पौर्णिमा उगवल्या.

खोगिरावर बसला होता तोवर झाकलं गेलं. दफनभूमीत उतरावंच लागलं. बरोबरच्या कानोरनं बघितलं, टोपी काढली आणि हळूच विचारलं, "मानोय, दुखवट्याचा पांढरा रंग का?"

मागनं एक म्हातारी म्हणाली, "बघा, किती जीव होता बायकोवर."

आणि दुलोनं मान हलवली. हो म्हणून! बायको खाली मातीत चाललीय, आणि हा वर उभा राहून शाबासकी घेतोय. त्या मान हलवण्याची त्याला नंतर इतकी लाज वाटली की तेवढी घोड्यानं टाकल्यावरही कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी हापशाच्या फळीवर, साबणाच्या डब्यामागं, त्याला दोन बाटल्या सापडल्या. एक माडीच्या सिरक्याची. दुसरी त्याच्याच जिनची, प्यायच्या दारूची. ही जिन कुठं जाते म्हणून त्यानं मेव्हण्याशी दोन वर्षं अबोला धरलेला. आता कुठली बाटली आधी? त्यानं जुनी पँट घातली, अंगणात बसला आणि बूड गवतावर घासत कुंपणापर्यंत गेला. तिथनं परत.

कानोरची बायको, बेबांग, कुंपणापलीकडनं बघत होती. "मानोय, खाजतंय का?"

"नाही. तुझं काम बघ."

सिरक्यानं नुसता वास सुटला. जिननं मात्र फडकं हिरवं झालं. जरा जरा करत सहा दिवसांत जमलं. तेव्हा तो हापशापाशी खाली बसला. आधी हसला, मग हसू राहिलं बाजूला.

दफनानंतर नवव्या दिवशी प्रार्थना झाली, माणसं ताटात पान्सितच्या शेवया घेऊन बसली. दुलो उभा राहिला.

"मी पडायचो," तो म्हणाला. "आठवड्यातून एकदा. कधी दोनदा. दरवेळी ढुंगणावर. डाग आडेल्फा काढायची, माझ्या जिननं. मी न पडणारा नव्हतो. तिला धुता यायचं."

मग कानोर उठला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बसा मानोय. दुःखात माणूस काहीही बोलतो."

"अरे, देवाशपथ पडायचो!"

"हो हो. तुम्ही पडायचा आणि आम्ही उडायचो. शेवया खा."

पुरुष हसले. कुणी तरी डोळे पुसले, किती भला माणूस म्हणून. दुलोला वाटलं, संपलं, हिनं इतकं स्वच्छ धुतलंय की आता खरंसुद्धा चिकटत नाही.

तेवढ्यात चुलीकडनं बेबांगचा आवाज आला. "मानोय, आधी पाणी लावायचं, की आधी जिन?"

"तुला काय करायचंय?" कानोर म्हणाला.

"अशीच विचारते."

वाढणाऱ्या बायकांचे हात थांबले. एक पुढं आली, मग दुसरी. मानाय पुरिंगनं खुर्ची ओढली.

"पाणी नंतर," दुलो म्हणाला. "तेही गार. आधी कोरड्या कापडावर जिन. घासायचं नाही, फडक्यानं टिपायचं. फडकं हिरवं व्हायचं थांबलं की पँट उलटी करून साबण."

"सावकाश सांग," पुरिंग म्हणाली. "किती जिन?"

कानोर उठून आणखी शेवया घ्यायला गेला. त्याचं ताट भरलेलंच होतं.