नकाशातलं गवत

खिडकीत ठेवलेल्या बाटलीतलं पाणी आता निवळलं आहे. तळाशी दोन बोटं गाळ बसलाय आणि वरचं पाणी हिरवट दिसतंय. परवा गावसभेत ओढ्याकाठच्या हिराबाईंनी तळ्याच्या पाण्याची ही बाटली माझ्या हातात दिली, तेव्हा आत चहा असावा तसं पाणी होतं.

"साहेब, तुमच्या नकाशात आमच्या ओढ्याकाठी गवताचा पट्टा आहे म्हणं," त्या म्हणाल्या. "मग आमच्या म्हशींनाच कसा दिसंना?"

सगळे हसले. मीही हसलो. तो पट्टा मीच काढला होता.

शेतातली माती आणि खत पावसाबरोबर ओढ्यातून तळ्यात किती उतरेल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडतो. काठावर दाट गवत असलं की दोन्ही बरंचसं अडतं. काही वर्षांपूर्वी इथे गवत लावायचं ठरलं होतं, पण लावलं गेलं नव्हतं. अहवालाची घाई होती, म्हणून मी काठाला हिरवा रंग भरला आणि कागदावरचं तळं स्वच्छ झालं. खरं तळं हिराबाईंचं गाव पितं.

इतकी वर्षं मी हे कुणाजवळ बोललो नाही. माझ्याही तळाशी हा गाळ बसून होता आणि वरून मी निवळ दिसत होतो.

आज तो हिरवा रंग पुसला. आकडे वाईट आले, पण खरे आले. नवे आकडे पाहून वरिष्ठांचा फोन आला, "आता कशाला उकरताय?"

"गवत लावा," मी म्हणालो, "त्याच दिवशी रंग भरतो."

उद्या बैठक आहे. बाटली घेऊन जाणार आहे, आणि सगळ्यांसमोर ती हलवणार आहे.