नऊ दिवंगत आणि एक जावई

माझ्या घराण्यातले नऊ तरुण एकदमच गेले, असं माझ्या सासऱ्यांचं सुमारे वीस मिनिटं ठाम मत होतं.

तेव्हा ते सासरे नव्हते, माझ्या मैत्रिणीचे, मृणालचे बाबा होते. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत अर्धं पुणं शिकायला लोटलं होतं ते दिवस. एका घरात आम्ही सहा जण. हॉलमधली गादी माझी, म्हणून हॉलची भिंतही माझी. तिच्यावर मी बेसबॉलचे जुने फोटो लावायचो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत खेळाडूंच्या टीम तमाशाच्या फडासारख्या गावोगाव फिरायच्या. आज या गावात मॅच, उद्या पुढच्या. घरोघरी टीव्ही आला आणि हे फड बसले. मी नूडल्सवर दिवस काढून त्यांचे फोटो जमवायचो. (बेसबॉल मला आजही कळत नाही. मिश्या आवडतात.) सगळ्यात लाडका फोटो एका कृष्णवर्णीय टीमचा. पिवळट पडलेल्या त्या फोटोतले नऊ मिशाळ जवान थेट आमच्या साताऱ्याकडचे वाटायचे.

ग्रॅज्युएशनसाठी माझी आई आली होती, मृणालचे आईबाबाही. रविवारी दुपारी ते मला 'बघायला' येणार होते. सकाळी मी शिफ्टवर असताना आईने फोन करून विचारलं, भिंतीवरचे ते नऊ जण आहेत की गेले? मी सुपरमार्केटच्या ट्रॉल्या ढकलत होतो. म्हटलं, "केव्हाच गेले गं सगळे," आणि फोन ठेवला.

कोण का असेनात, पाहुणे येणार आणि गेलेल्या माणसांच्या फोटोला हार नाही, हे आईला पटेना. तिने गणपतीसाठी आणलेला चंदनी हार काढला. (विमानतळावर लोणचं जप्त झालं, हार सुटला.) हाराखाली टीमचं नाव झाकलं गेलं. पुढ्यात उदबत्तीही लागली.

मी पोचलो तेव्हा मृणाल आईबाबांना घेऊन आली होती, माझी आई आत वडे तळत होती आणि मृणालचे बाबा फोटोसमोर हात जोडून उभे होते. माझ्या छंदाचा एवढा मान आजवर कुणी राखला नव्हता. मी हरखलोच.

"तुमचेच का हे सगळे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"माझेच, काका."

"फारच तरुण दिसतात."

"विशी-पंचविशीतले. एकाच बसने फिरायचे."

"बस..." त्यांनी डोळे मिटले. "एकही राहिला नाही?"

"टीव्ही आला आणि सगळे संपले, काका."

बाबांनी कोपऱ्यातल्या आमच्या टीव्हीकडे पाहिलं आणि खुर्ची लांब सरकवली. मग मृणालला किचनच्या दाराशी नेऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे गं, पण घराण्यात आयुष्य नाही."

ते मला ऐकू आलं. धावत जाऊन मी सांगून टाकलं की हे माझे कुणी नाहीत, परके अमेरिकन आहेत, मी त्यांचे फोटो शोधून शोधून विकत आणतो.

"म्हणजे अनोळखी मेलेल्या माणसांचे फोटो तुम्ही विकत आणता?"

"हो."

"आणि त्यांना हार घालता?"

मी हाराकडे पाहिलं, मग आत वडे तळणाऱ्या आईकडे.  बाबा म्हणाले, "त्यापेक्षा आयुष्य कमी असतं तर एक वेळ चाललं असतं."

तेवढ्यात मृणालने शांतपणे सांगितलं, "बाबा, तो फोटो मीच दिलाय त्याला, वाढदिवसाला." बाबांनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि हात टेकले. तरी पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी काढलेला माझा मेडिकल रिपोर्ट त्यांनी मागून घेतला आणि चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

लग्न झालं. आता मृणालच्या माहेरी, नाशिकला कुणी विचारलं की जावई कसे आहेत, तर बाबा म्हणतात, "तब्येतीने उत्तम आहेत." आणि लगेच विषय बदलतात.