बासरीसकट गाणं

माझं आवडतं सिनेमाचं गाणं मी वीस वर्षं लूमच्या खडखडाटातच ऐकलं. आमच्या घराखालीच कापड विणायचे चार लूम होते. टेपचा आवाज पूर्ण चढवला तरच गायिका ऐकू यायची, आणि घरात आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. लूम विकून टाका, म्हणून ह्यांच्या मागे मीच लागले होते. मुलगी लग्न होऊन गेली त्या वर्षी ते विकले आणि आम्ही नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो.

पहिल्याच दुपारी कॅसेट लावली आणि सवयीने आवाज पूर्ण चढवला. शेजारीण दार वाजवत आली. "वहिनी, आख्ख्या बिल्डिंगला वरातीचं आमंत्रण हाय काय?"

आवाज कमी केला. तेव्हा दोन कडव्यांच्या मध्ये बासरी वाजली. ती तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. चांगली होती, पण ऐकत बसवेना. उठून पंखा लावला, मग उगाचच मिक्सर फिरवला.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "मग, मिळाली का शांतता?"

"मिळाली की!"

"मग ओरडतेस कशाला?"

आठवडाभर मी बरं वाटतंय असंच सांगत राहिले. शेवटी कबूल केलं, की मला ह्या शांततेत बसवत नाही. जवळच्या वळ गावात तेव्हा नवी गोदामं उघडत होती, माल तपासायला बायका हव्या होत्या. सोमवारपासून जायला लागले. तिथे दिवसभर टेम्पो आणि पत्रे वाजतात. आता घरी आल्यावर गाणं पुरं ऐकवतं, बासरीसकट.